कोणाला घ्यायचं?

२४ एप्रिल २०२५च्या संध्याकाळी ग्रीन बे या गावात दोन लाखांहून जास्त माणसं जमली होती. गावाची वस्ती एक लाख सात हजार. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या एका फाट्याच्या टोकाशी वसलेलं, कागदाच्या गिरण्या आणि चीजसाठी ओळखलं जाणारं हे गाव. त्या संध्याकाळी तिथे सामना नव्हता. लॅम्बो फील्ड या स्टेडियमच्या बाहेर एक भलामोठा मंच उभारला होता आणि त्यावर माणसं येऊन एकेक नाव वाचून दाखवणार होती. ती नावं ऐकायला लोक आदल्या रात्रीपासून गाड्या हाकत आले होते. कुणाच्या डोक्यावर पिवळ्या फोमची चीजच्या तुकड्यासारखी टोपी, कुणाच्या अंगावर वीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूची जर्सी. आणि जो तो शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारत होता : आपण कोणाला घ्यायचं?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गोव्याच्या मैदानांवर रंगतो तो खेळ नव्हे. इथला चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात, हाताने फेकतात आणि अंगावर येणाऱ्याला आडवं करतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, पुढे धावत जाऊन झेलणारा तो वाइड रिसीव्हर, त्या रिसीव्हरला चिकटून राहणारा प्रतिस्पर्धी तो कॉर्नरबॅक आणि क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा तो पास रशर. या लेखापुरतं एवढं पुरे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बत्तीस संघ आहेत. नवे खेळाडू विद्यापीठांच्या संघांतून येतात आणि त्यांची वाटणी दर एप्रिलमध्ये ड्राफ्टने होते. आयपीएलच्या लिलावात ज्याची थैली मोठी त्याची बोली वर जाते. इथे बोलीच नाही, पाळी आहे. मागच्या मोसमात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. सात फेऱ्या होतात. कुठे खेळायचं हे खेळाडूने ठरवायचं नसतं, ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं.

मोसमाचे सामने सप्टेंबर ते जानेवारी, शेवटचा फेब्रुवारीत. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने खेळ बंद. पण विस्कॉन्सिनमध्ये या खेळाबद्दलचं सगळ्यात कडाक्याचं भांडण याच बंद महिन्यांत होतं आणि मला ते सामन्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. सामन्यात चाहता ओरडू शकतो, तेवढंच. या महिन्यांत तो विचार करतो, हिशेब मांडतो, जुने दाखले काढतो, स्वतःच्या संघाकडे जनरल मॅनेजरच्या नजरेने पाहतो. ग्रीन बेत तर त्याला तसं पाहण्याचा एक प्रकारे हक्कच आहे.

ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९१९मध्ये कर्ली लॅम्बो या तरुणाने एका पत्रकार मित्राबरोबर काढला. लॅम्बो ज्या मांस-डबाबंदीच्या कंपनीत कामाला होता, तिने जर्सींसाठी पैसे दिले म्हणून नाव पॅकर्स. १९२३मध्ये संघ बुडायच्या बेताला आला, तेव्हा गावानेच शेअर घेऊन तो वाचवला. तेव्हापासून या संघाला कुणी धनी नाही. १९२३, १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ असे सहा वेळा शेअर विकले गेले, आणि आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो एवढंच. जुलैमध्ये स्टेडियमवरच वार्षिक सभा भरते. तिथे हिशेब वाचले जातात, संचालकांसाठी मतं पडतात. कोणता खेळाडू घ्यायचा यावर मात्र मतदान होत नाही. एनएफएलच्या आजच्या नियमांनुसार असा गावाच्या मालकीचा दुसरा संघ काढताच येत नाही. हा एकच आहे.

मालकी आहे आणि अधिकार नाही, अशा माणसाला बोलण्यावाचून दुसरं काय उरतं? म्हणून इथले लोक बोलतात. न्हाव्याकडे, चर्चबाहेर, शुक्रवारच्या फिश फ्रायला, आणि मोसमी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत बाळाचं नाव घालण्याचा अर्ज भरतानासुद्धा. त्या यादीत एक लाख चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत.

२०२५च्या हिवाळ्यात बोलायला विषय भरपूर होते. आदल्या मोसमात सतरापैकी अकरा सामने जिंकून संघ बाद फेरीत गेला आणि पहिल्याच सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सकडून २२-१० असा हरला. क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हने त्या दिवशी तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. मोसमभर रिसीव्हरांच्या हातून झेल निसटत होते, आणि त्यांच्यातला सगळ्यात वेगवान ख्रिश्चन वॉटसन साखळीच्या शेवटच्या सामन्यात गुडघ्याचा स्नायुबंध तुटून पडला. पहिल्या दर्जाचा कॉर्नरबॅक म्हणावा असा जायर अलेक्झांडर सलग दोन मोसम सतरापैकी सातच सामने खेळू शकला होता. तेराव्या क्रमांकावर घेतलेला पास रशर लुकस व्हॅन नेस दोन वर्षांनीही अपेक्षेला उतरला नव्हता. जोश जेकब्ज हा संघाचाच धावपटू. त्याने फेब्रुवारीत उघडपणे सांगून टाकलं की आपल्याला सिद्ध झालेला अव्वल रिसीव्हर हवा. त्यानंतर वादाला ऊत आला. एक पक्ष म्हणे रिसीव्हर, दुसरा म्हणे कॉर्नरबॅक, आणि तिसरा म्हणे की क्वार्टरबॅकला चार सेकंद उभं राहू देणारी भिंतच मजबूत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

मार्चमध्ये फ्री एजन्सी सुरू होते, म्हणजे करार संपलेले खेळाडू हव्या त्या संघात जायला मोकळे होतात. पॅकर्सनी आधी तिसऱ्या पक्षाचं ऐकलं. सॅन फ्रान्सिस्कोचा आरन बँक्स हा गार्ड चार वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलरला घेतला आणि लास व्हेगासचा कॉर्नरबॅक नेट हॉब्ज ४ कोटी ८० लाखांना. बँक्सच्या आकड्यावर गावभर खल झाला. गार्ड म्हणजे मधल्या भिंतीतला माणूस, ज्याचं नाव समालोचक चूक झाली तरच घेतात. त्याच्यावर एवढी रक्कम?

हा प्रश्न रास्त होता, कारण इथे पैसा मोजका असतो. प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा लीग ठरवते. २०२५साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, सगळ्या संघांना सारखीच. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याच्या ताटातलं कमी होतं. शिवाय जुन्या कराराची आगाऊ दिलेली रक्कम खेळाडू गेल्यावरही हिशेबात चढते. आधीचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्सला २०२३मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे धाडलं, त्या वर्षी तो नसतानाही त्याच्या नावावर चार कोटी डॉलरच्या आसपास मर्यादा अडकून पडली होती. ‘डेड मनी’ हा शब्द विस्कॉन्सिनमधल्या शाळकरी पोरांच्याही तोंडात असतो. २०११पासून ड्राफ्टमधून आलेल्यांचे पहिल्या चार वर्षांचे पगार क्रमांकानुसार जवळजवळ ठरूनच आलेले असतात. त्यामुळे चांगला निघालेला नवखा खेळाडू म्हणजे चार वर्षं स्वस्तात मिळालेला मोहरा. ड्राफ्टवर जीव टाकून भांडण होतं ते याचमुळे.

ड्राफ्ट निघाला तोच मुळी पॅकर्ससारख्या संघांना आवर घालायला. तेव्हा विद्यापीठातून बाहेर पडणारा उत्तम खेळाडू मोठ्या, जिंकणाऱ्या संघांकडे जाई. १९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं ग्रीन बेने मिळवली होती. १९३५मध्ये अलाबामाचा डॉन हटसन हा रिसीव्हर त्यांनी मिळवला. त्याने ब्रुकलिनच्या संघाशीही करार केला होता. सांगतात असं, की ज्या पाकिटावर टपालाचा शिक्का आधीचा तो करार खरा असा निवाडा लीगच्या अध्यक्षांनी दिला, आणि तो शिक्का ग्रीन बेच्या पाकिटावर निघाला. संघाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिसीव्हर ड्राफ्ट सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी आला. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या तळाला गेलेल्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी उलट्या पाळीची कल्पना मांडली, आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात फळ्यावर नव्वद नावं लिहून पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बरवँगर या खेळाडूचं. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही, धंद्यात गेला. आजचा झगमगाट त्या खोलीतून निघालेला आहे. न्यूयॉर्कमधलं बस्तान २०१५मध्ये हललं आणि ड्राफ्ट गावोगाव फिरू लागला. फिरत फिरत तो ग्रीन बेला आला तेव्हा तीन दिवसांत मिळून सहा लाखांची गर्दी नोंदली गेली.

पाळी आली की कोणाला घ्यायचं, याबद्दल दोन मतं आहेत. जिथे भोक आहे तिथे ठिगळ लावा, हे एक. दुसरं असं की उपलब्ध असलेल्यांतला सगळ्यात उत्तम खेळाडू घ्या, जागा कोणती ते बघू नका. पॅकर्सचे व्यवस्थापक पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या मताचे. १९९१मध्ये आलेले रॉन वुल्फ, मग त्यांच्या हाताखाली तयार झालेले टेड थॉम्पसन, आणि थॉम्पसन यांच्या हाताखालचे आजचे ब्रायन गुटेकुन्स्ट. थॉम्पसन तर बाहेरचा खेळाडू विकत घ्यायला सहसा तयारच नसत. पेरा, वाढवा, वाट बघा, हा त्यांचा खाक्या.

वाट बघण्याच्या बाजूने दाखले आहेत, आणि ते साधे नाहीत. १९५६मध्ये सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर घेतलेला बार्ट स्टार पुढे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींच्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. डोनाल्ड ड्रायव्हर १९९९मध्ये सातव्या फेरीत मिळाला आणि झेलून मिळवलेल्या यार्डांत संघाच्या इतिहासात पहिला ठरला. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डेव्हांटे अ‍ॅडम्स हे चारही रिसीव्हर दुसऱ्या फेरीतले. पहिल्या फेरीत रिसीव्हर कशाला, असं म्हणणाऱ्यांना ही चार नावं पुरतात.

पण १९८९ही कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी पॅकर्सची पाळी दुसरी होती आणि त्यांनी टोनी मँडरिच हा अवाढव्य टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या भिंतीच्या कडेचा माणूस, घेतला. त्याच्या आधी पहिल्या क्रमांकावर ट्रॉय एकमन गेला होता. तिसऱ्यावर बॅरी सँडर्स, चौथ्यावर डेरिक थॉमस, पाचव्यावर डिऑन सँडर्स. मागचेपुढचे चौघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मँडरिच पॅकर्सकडे चार वर्षंही धड टिकला नाही. २०२५च्या वादात ज्येष्ठ माणसं ‘बॅरी सँडर्स’ एवढे दोनच शब्द उच्चारत आणि समोरचा गप्प होई.

बाहेरून आणण्याच्या बाजूने सगळ्यात मोठं नाव रेजी व्हाइटचं. १९९३मध्ये खेळाडूंना खरी मोकळीक मिळाली तेव्हा हा पास रशर सगळ्यांना हवा होता. थंडीच्या आणि आडबाजूच्या ग्रीन बेला तो जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर आला, आणि जानेवारी १९९७च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, त्याने तीनदा क्वार्टरबॅकला आडवं केलं. एकोणतीस वर्षांनंतर चषक ग्रीन बेला परतला.

मिलवॉकीच्या पश्चिमेला ब्रुकफील्ड नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका मराठी घराच्या दिवाणखान्यात, देवघराच्या भिंतीवर नव्हे पण तिच्या समोरच्या भिंतीवर, त्याच १९९७च्या विक्रीत दोनशे डॉलरला घेतलेल्या एका शेअरचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. गृहस्थ इंजिनिअर, नव्वदीच्या दशकात इथे आले. मुलगी इथेच जन्मली, वाढली. ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. जेवणाच्या टेबलावर मुलीने तिची वही उघडली होती. पन्नास नावं, प्रत्येकापुढे चाळीस यार्डांची वेळ, उंची, हातांची लांबी आणि तिची स्वतःची खूण. शेजारी तक्ता होता. नव्वदीच्या दशकात डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी पाळ्यांची अदलाबदल तोलायला प्रत्येक क्रमांकाला गुण देऊन जो तक्ता वापरात आणला, त्यातला पहिला क्रमांक तीन हजारांचा आणि तेविसावा, म्हणजे २०२५चा पॅकर्सचा, ७६०चा. पोळ्या लाटून झाल्यावर आईही टेबलाशी आली, आणि तिने सगळ्यात आधी विचारलं, “तो गोल्डन आहे का यादीत?”

“आहे गं, पण बाबांना तो नकोय,” मुलगी म्हणाली.

“मला नकोय असं मी कुठे म्हटलं?” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, पास रशर आधी. रेजी व्हाइट मी बघितलाय, तू नाही.”

“बाबा, जॉर्डन लव्ह आत्ता सव्वीस वर्षांचा आहे. त्याला आत्ता माणूस द्या. तुम्ही दर वेळी पुढच्या वर्षाचं बोलता. आरन रॉजर्सचंही तुम्ही असंच केलंत.”

‘तुम्ही केलंत’ हे तिने ज्या सुरात म्हटलं, त्यात भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहून म्हटल्यासारखा राग होता. बाबा उत्तर द्यायला थांबले. २०२०चा विषय त्या घरात अजून दुखरा आहे, आणि माझ्या मते राज्यातल्या बहुतेक घरांत.

त्यामागची गोष्ट २००५पासूनची. तेव्हा ब्रेट फार्व संघाचं दैवत होता, आणि विद्यापीठातला रॉजर्स अपेक्षेपेक्षा खूप खाली घसरत चोविसाव्या क्रमांकावर आला. थॉम्पसन यांनी उचलला. तीन वर्षं तो बाकावर बसला, मग फेब्रुवारी २०११मध्ये त्याने पिट्सबर्गला हरवून चषक आणला. २०१९च्या मोसमात तोच रॉजर्स छत्तीस वर्षांचा झाला होता, संघ सोळापैकी तेरा सामने जिंकून अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर सॅन फ्रान्सिस्कोकडून ३७-२० असा हरला होता. पुढच्या ड्राफ्टमध्ये चांगले रिसीव्हर ओळीने उभे होते, पहिल्या फेरीतच सहा गेले. सगळ्यांना वाटलं, एक आपला. गुटेकुन्स्ट यांनी मायामीला चौथ्या फेरीतली पाळी जोडून दिली, तिसाव्यावरून सव्विसाव्यावर उडी मारली आणि घेतला युटा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह. जो निदान दोन-तीन वर्षं खेळणारच नव्हता.

त्या रात्रीचा संताप अजून लोक वर्णन करतात. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. लव्ह तीन वर्षं बसला, २०२३मध्ये उभा राहिला, आणि पहिल्याच मोसमात डॅलसला त्यांच्याच मैदानावर बाद फेरीत ४८-३२ने हरवून आला. २०२४मध्ये त्याचा चार वर्षांचा करार २२ कोटी डॉलरचा झाला. म्हणजे निवड चुकली नाही. पण चाहते चुकले असंही मी म्हणणार नाही. रॉजर्स २०२० आणि २०२१ या दोन्ही मोसमांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि दोन्ही वेळा संघ घरच्या मैदानावर हरला. एकदा टँपा बेकडून ३१-२६, एकदा सॅन फ्रान्सिस्कोकडून १३-१०. तेरा-दहा! एक झेल, एक हात कमी पडला. माझं म्हणणं सव्विसाव्या क्रमांकाबद्दल नाहीच. २०२०च्या ड्राफ्टमध्ये पॅकर्सनी नऊ खेळाडू घेतले आणि त्यात एकही रिसीव्हर नव्हता. दुसऱ्या फेरीत धावपटू, तिसऱ्यात टाइट एंड. उद्याची तरतूद एका निवडीने करून आज वाचवायला आठ निवडी शिल्लक होत्या. लोकांचा राग तिथे रास्त होता आणि व्यवस्थापनाने तो ऐकायला हवा होता.

संघाला पुढची पन्नास वर्षं दिसतात. खेळाडूला बहुधा तीन-चार दिसतात. आणि चाहत्याला? ब्रुकफील्डच्या त्या घरातले बाबा साठीच्या पुढचे आहेत. ते पास रशर मागतात तेव्हा त्यांना १९९७ पुन्हा हवं असतं, आणि तेही त्यांच्या हयातीत. मुलीला चषक आठवतो तो दुसरीत असतानाचा. ती रिसीव्हर मागते तेव्हा तिला स्वतःच्या वयाचा संघ जिंकलेला हवा असतो. वहीतली पन्नास नावं आणि तीन हजारांचा तक्ता घेऊन ही माणसं एवढं मनापासून भांडतात, ती आपल्या वाट्याला किती मोसम उरलेत या हिशेबाने. त्यांना वेडं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पहिल्या फेरीत तेव्हा प्रत्येक संघाला दहा मिनिटं मिळत. पॅकर्सचं घड्याळ सुरू झालं तेव्हा गर्दीने ‘गो, पॅक, गो’चा ठेका धरला. तेविसावं नाव आलं : मॅथ्यू गोल्डन, टेक्सस, वाइड रिसीव्हर. चाचण्यांत चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत पळालेला. पॅकर्सनी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतल्याला तेवीस वर्षं झाली होती, २००२च्या जॅव्हन वॉकरनंतर हा पहिला. गावाच्या अंगणात ही बातमी फुटली आणि अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

पण मला जास्त लक्षात राहिला तो तिसरा दिवस. टेक्ससचाच पास रशर बॅरिन सोरेल याला ड्राफ्टला हजर राहायचं निमंत्रण होतं. गुरुवारी त्याचं नाव आलं नाही. शुक्रवारीही नाही. अशा वेळी बोलावलेली मुलं घरी निघून जातात. रिकाम्या होत जाणाऱ्या खोलीत कॅमेऱ्यांसमोर बसून राहणं सोपं नसतं. सोरेल थांबला. शनिवारी चौथ्या फेरीत, एकशे चोविसाव्या क्रमांकावर पॅकर्सनीच त्याला पुकारलं, आणि तो मंचावर आला तेव्हा समोर जी गर्दी होती ती आता त्याची होती. ब्रुकफील्डहून फोन आला. बाबा म्हणाले, “बघा, चौथ्या फेरीत का होईना, आला माझा पास रशर.”

त्यांना खरा पास रशर मिळायला ऑगस्ट उजाडावा लागला. २८ ऑगस्टला, मोसम सुरू व्हायला आठवडा उरला असताना, डॅलसने मायका पार्सन्स पॅकर्सना दिला. बदल्यात गेला मधल्या फळीचा जुना आधारस्तंभ केनी क्लार्क, आणि २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी. पार्सन्सचा करार चार वर्षांचा, १८ कोटी ८० लाख डॉलरचा. पेरा, वाढवा, वाट बघा म्हणणाऱ्या घराण्याने दोन वर्षांचं बियाणं एका माणसावर लावलं. मला हा निर्णय बरोबर वाटतो. लव्हचं वय, जेकब्जचे पाय, बचावफळीतल्या झेव्हियर मॅकिनीचा फॉर्म, हे सगळं एकाच वेळी जुळून येण्याची खिडकी फार काळ उघडी राहत नाही. २०२०मध्ये जे करायला हवं होतं ते पाच वर्षांनी केलं गेलं, आणि त्या पाच वर्षांत लोकांनी जे ऐकवलं त्याचा या निर्णयात काही वाटा असावा असं मला वाटतं.

पुढचा ड्राफ्ट एप्रिल २०२६मध्ये पिट्सबर्गला ठरला होता. पहिल्या रात्री पॅकर्सच्या नावाने घड्याळ लागणार नव्हतं. ब्रुकफील्डच्या वहीत नवं पान सुरू झालं. त्यावर पहिल्या फेरीत जाण्याची शक्यता असलेली सगळी नावं मुलीने खोडून टाकली होती आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत हाती लागतील असे कॉर्नरबॅक ती शोधत होती. बाबांना मात्र केनी क्लार्कच्या जागेवर माणूस हवा होता.